इब्न बतूता, हत्ती आणि उंच मनोरे

वाटसरू

इब्न बतूताचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो मध्ययुगातला सगळ्यात मोठा भटक्या, दुसरा म्हणतो सगळ्यात मोठा थापाड्या. दुसऱ्या तटाचा हुकमाचा एक्का म्हणजे दिल्लीतले हत्ती. कुतुबमिनारच्या आतली वाट इतकी रुंद आहे की हत्ती वर जातात, असं तो सांगतो. शेजारच्या अर्धवट मनोऱ्यात तर म्हणे तीन हत्ती बरोबरीने चढतील. झालं, माणूस खोटारडा ठरला.

मला हे प्रकरण एवढ्यावर सोडवत नाही. बतूताने उंच इमारती पुष्कळ पाहिल्या, काहींवर तो चढलाही. पण त्यांच्याबद्दल तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. ती मांडायला हा धागा.

आधी थोडी ओळख. टँजियरचा माणूस, जन्म १३०४ चा. जून १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, हजला म्हणून घराबाहेर पडला. सगळी भटकंती संपल्यावर १३५५ मध्ये फेज शहरात सुलतानाच्या हुकमावरून त्याने आपला प्रवास इब्न जुझय नावाच्या विद्वानाला सांगितला, आणि त्याने तो लिहून काढला. म्हणजे आपण जे वाचतो ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी, आणि त्याही दुसऱ्याच्या लेखणीतून.

१३२६ मध्ये तो अलेक्झांड्रियाला पोचला. तिथला दीपस्तंभ, फारोस, ख्रिस्तपूर्व २८० च्या आसपासचा. खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल, असे तीन टप्पे, आणि एकूण उंची शंभर मीटरच्या वर होती असं आजचे अभ्यासक धरतात. ऑगस्ट १३०३ मध्ये, म्हणजे बतूता जन्मायच्या सहा महिने आधी, मोठा भूकंप झाला आणि दीपस्तंभ खिळखिळा झाला. त्याने पाहिला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती. तरी आत जाता येत होतं. कसं, ते तो फार छान सांगतो. दार जमिनीपासून बरंच उंचावर. दारासमोर तेवढ्याच उंचीची दुसरी इमारत. दोन्हींच्या मध्ये फळ्या टाकलेल्या, त्यांवरून चालत जायचं. फळ्या काढून घेतल्या की आत शिरायला मार्ग नाही. दाराच्या आत राखणदाराची जागा, आणि पुढे खोल्याच खोल्या.

मग तो मापं देतो. आतल्या वाटेची रुंदी नऊ विती. भिंतीची जाडी दहा विती. इमारतीची एकेक बाजू १४० विती.

आता तुम्हीच हिशोब करा. वीत २२ सेंटिमीटर धरली तर १४० विती म्हणजे ३१ मीटरच्या आतबाहेर. फारोसच्या तळाची बाजू आजचे अभ्यासक साधारण ३० मीटर धरतात. माप चोख आहे.

आणि उंची? जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकापुढे उभा राहून हा गृहस्थ उंचीचा आकडाच देत नाही. चौकोनी आहे, आकाशात गेलेली आहे, बस्स.

आता दिल्ली. इथे तो १३३४ ते १३४२ होता, महंमद तुघलकाचा काझी म्हणून. कुतुबमिनारबद्दल तो सांगतो की मशिदीचा बाकी दगड पांढरा, मनोऱ्याचा तांबडा. कळस पांढऱ्या संगमरवराचा आणि त्यावरचे गोळे शुद्ध सोन्याचे. मनोरा बांधताना दगड घेऊन हत्ती वर चढलेला आपण पाहिला, असं एका विश्वासू माणसाने त्याला सांगितलं. म्हणजे हत्ती त्याने स्वतः पाहिलेला नाही, हे तोच कबूल करतोय. दुसरा मनोरा म्हणजे आजचा अलाई मिनार. त्यावर मात्र तो स्वतः चढला. वरून शहरातली बहुतेक घरं दिसली, उंच तट बुटके वाटले, आणि पायथ्याशी उभी असलेली माणसं लहान पोरांएवढी दिसली. इथेही मीटर-हात काही नाही. फक्त वाटेची रुंदी, आणि तीही हत्तींमध्ये.

माझं म्हणणं एवढंच की बतूता उंच इमारतीपुढे उभा राहून रुंदी मोजतो. जिथे हात पोचतो तिथे त्याच्यावर भरवसा ठेवावा. जिथे फक्त नजर किंवा कान पोचतो तिथे सांभाळून घ्यावं. हत्ती हे त्याचं रुंदीचंच माप आहे, फक्त ते दुसऱ्याकडून आलेलं आहे.

बोला.

शेवंता

छान धागा. वाचतेय. एक प्रश्न: कैरोला गेला म्हणजे पिरॅमिडही पाहिले असतील ना? तिथे काय मोजलं?

वाटसरू

शेवंता, तिथे त्याची विकेट पडते. पिरॅमिड घडीव दगडांचे, अतिउंच, खाली रुंद वर निमुळते, इथपर्यंत ठीक आहे. पण तळ गोल आणि आकार शंकूसारखा असं तो सांगतो! चार कोपरे असलेली ती अवाढव्य गोष्ट गोल कशी दिसेल? तो गिझाला गेलाच नसावा, लांबून पाहिलं किंवा नुसतं ऐकलं, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या म्हणण्याला हे उलट बळच देतं. हात लावला नाही, माप चुकलं.

तिरपागडा

वाटसरू, मांडणी चटपटीत आहे, पण तुम्ही साक्षीदाराला फारच सवलत देताय.

पहिली गोष्ट, बतूताच्या पुस्तकात दमास्कसचं वर्णन मोठ्या प्रमाणावर इब्न जुबैरच्या पुस्तकातून उचललेलं आहे. पॅलेस्टाईनचं अल-अब्दरीकडून. हे आता वादाचं राहिलेलं नाही. दोघेही त्याच्या आधीचे प्रवासी. मग फारोसच्या १४० विती नेमक्या कोणाच्या हाताच्या, हे तुम्ही कसं सांगणार?

दुसरी गोष्ट, दिल्लीत आठ वर्षं काढून हा माणूस कुतुबमिनार सुलतान बल्बनच्या नातवाने, मुइझुद्दीन कैकुबादने बांधला म्हणतो. मनोऱ्याची सुरुवात कुतुबुद्दीन ऐबकाची, पुढचं काम इल्तुतमिशचं, आणि इल्तुतमिश वारला १२३६ मध्ये. ऐबकाचा मालक महंमद घोरी, त्याचं नावही मुइझुद्दीनच होतं, त्यातून घोळ झाला असेल. पण शिलालेख मनोऱ्यावरच कोरलेले आहेत, आणि हा काझी! अरबी तर त्याची मातृभाषा.

तिसरी गोष्ट. अलाई मिनारचा एक तृतीयांश भाग झाला होता आणि तेवढाच कुतुबमिनारच्या पूर्ण उंचीइतका होता, असं तो सांगतो. अलाई मिनार आज २५ मीटर आहे. कुतुब ७२.५ मीटर. याला सांभाळून घ्यायचं म्हणजे किती?

वाटसरू

तिरपागडा, तिसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे की! उंची चुकली, आणि केवढी चुकली. मी तेच म्हणतोय.

पहिल्याबद्दल: विती कोणाच्याही असोत, ज्याने मोजलं त्याने आडवं मोजलं. तुम्ही इब्न जुबैरचं नाव काढलंत ते बरं झालं. तो ११८३ मध्ये अलेक्झांड्रियाला होता, दीपस्तंभ शाबूत असताना. दीपस्तंभाची एक बाजू आम्ही मोजली, असं तो सांगतो. आणि उंची? दीडशे पुरुषांहून जास्त आहे असं 'म्हणतात'. दीडशे माणसं एकावर एक उभी केली तर अडीचशे मीटर होतात. बाजू मोजली, उंची ऐकली. माणूस वेगळा, दीडशे वर्षं आधीचा, पण तऱ्हा तीच.

स्थापती

निवृत्त बांधकाम अभियंता आहे, इतिहासाचा अभ्यास नाही. तरी थोडं लिहितो.

दगड-विटांच्या जमान्यात रुंदी सांगणं म्हणजे एका अर्थी उंची सांगणंच होतं. भिंतीने स्वतःचा भार स्वतः पेलायचा असेल तर जितकं वर जायचं तितकं खाली जाड व्हावं लागतं. कुतुबमिनारचा तळाचा व्यास १४.३ मीटर आणि माथ्याचा पावणेतीन मीटर. हा निमुळतेपणा शोभेसाठी नाही. वर वजन कमी, वाऱ्याला पृष्ठभाग कमी, आणि गुरुत्वमध्य खाली.

हे गणित बतूतानंतर साडेपाचशे वर्षं टिकलं. शिकागोला मोनॅडनॉक म्हणून इमारत आहे, १८९१ ची, सोळा मजली. तिचा जुना उत्तरेकडचा भाग भारवाही विटांच्या भिंतींवर उभा आहे आणि तळाशी त्या भिंती सहा फूट जाड आहेत. तळमजल्यावर, जिथे दुकानाचं भाडं सगळ्यात जास्त, तिथेच सगळ्यात जास्त जागा भिंत खाते. विटांवर आणखी वर जाणं कोणालाच परवडणारं नव्हतं. त्याच गावात १८८५ मध्ये होम इन्शुरन्स इमारत झाली होती, दहा मजली, ४२ मीटर. उंचीने कुतुबमिनारच्या कमरेच्या थोडी वर. पण तिचा भार मुख्यतः लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर होता, आणि पुढच्या सगळ्या गगनचुंबी इमारती त्या वाटेने गेल्या. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट बसली होती, ती नसती तर सांगाडा असूनही उपयोग नव्हता. सहाव्या मजल्याच्या वर रोज चालत कोण जाणार?

म्हणून बतूताने भिंतीची जाडी विचारली, वाटेची रुंदी विचारली, तर मी त्याला शंभरपैकी सत्तर गुण देईन. साइटवर नवीन पोरगा आला की तो आधी 'किती मजले' विचारतो. जुना मुकादम पायाची रुंदी विचारतो.

तिरपागडा यांच्या तिसऱ्या मुद्द्यावर: अलाई मिनारचा घेर कुतुबच्या मानाने प्रचंड आहे. अलाउद्दीन खिलजीला तो कुतुबच्या दुप्पट उंच करायचा होता, म्हणजे १४५ मीटरच्या घरात. त्या बेताने पाया घातलेला. अशा ठोकळ्यापुढे उभं राहून उंचीचा अंदाज बांधायचा म्हणजे भलेभले चुकतात. बतूता स्वतःच सांगतो की खालून पाहणाऱ्याला तो तेवढा उंच वाटत नाही, कारण त्याची जाडी आणि पसारा मोठा. ही दृष्टीची फसगत त्याला कळली होती. फक्त ती दुरुस्त करताना तो दुसऱ्या बाजूला जरा जास्तच झुकला.

बोरकूट

स्थापतीकाका, एक नंबर प्रतिसाद. मुकादमाचं वाक्य ढापणार आहे.

सिंधुदुर्गी

हत्तींबद्दल. आम्ही मागे स्पेनला गेलो होतो तेव्हा सेव्हियाचा हिराल्दा चढलो होतो. मूळचा मशिदीचा मनोरा, ११९८ ला पुरा झाला, आज चर्चचा घंटाघर-मनोरा आहे. आत पायऱ्या नाहीत! चौकोनी मनोऱ्याच्या आत भिंतीला धरून विटांची उतरण वर वर जात राहते. अशा ३५ उतरणी, प्रत्येक वळणावर भिंतीवर तिचा क्रमांक. घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तसं केलं असं सांगतात. गुडघे दुखणारी माझी आई न थांबता वरपर्यंत गेली, पायऱ्या असत्या तर दुसऱ्या मजल्यावरच बसली असती. फक्त अगदी शेवटी थोड्या पायऱ्या आहेत.

मोरोक्कोत माराकेशचा कुतुबिया मनोरा त्याच घराण्याने त्याच काळात बांधलेला, आणि त्यातही उतरणच आहे. बतूता मोरोक्कोचा ना? मग त्याच्या डोक्यात 'मनोरा' म्हटलं की जनावर वर जाऊ शकतं हे आधीपासूनच असणार. दिल्लीत कोणी हत्ती म्हटलं तर त्याला ते अशक्य वाटलं नसेल.

वाटसरू

सिंधुदुर्गी, वा! हे धाग्यातच यायला हवं होतं. आणि कुतुबियावर तो चढलेला आहे. शेवटी शेवटी, अंदलुसियाहून, म्हणजे मुसलमानी स्पेनमधून, परतताना माराकेशला गेला तेव्हाचं वर्णन आहे. मनोरा भव्य आहे, मी वर गेलो, आणि सगळं शहर नजरेत आलं, असं सांगतो. शहर मात्र बरंच उजाड झालं होतं, त्याला बगदाद आठवलं. सेव्हिया तेव्हा ख्रिश्चनांकडे जाऊन शंभर वर्षं झाली होती, त्यामुळे हिराल्दा त्याच्या वाट्याला आला नाही. तो ग्रनाडापर्यंतच गेला.

तिरपागडा

उतरणीचा मुद्दा मान्य, चांगला आहे. पण कुतुबमिनारच्या आत उतरण नाही, चक्री जिना आहे, ३७९ पायऱ्यांचा. बतूता अलाई मिनारवर चढल्याचं सांगतो, कुतुबवर चढल्याचं नाही. आठ वर्षं त्या शहरात राहून आत डोकावायला काय हरकत होती? 'विश्वासू माणसाने सांगितलं' हे वाक्य आलं की माझा कान टवकारतो. आमच्या वाड्यात असा एक विश्वासू माणूस होता, त्याला लो. टिळक रोज संध्याकाळी भेटत.

शेवंता

😂 तिरपागडा!

गंधार_रे

कुतुबमिनार मी शाळेच्या सहलीत चढलोय, सत्तरच्या दशकात. तेव्हा सोडत असत. आत मिट्ट काळोख, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचं. मधूनमधून झरोके, त्यातून उजेडाची पट्टी आली की पुढच्याची टाच दिसायची. हत्ती सोडा, आमचे भूगोलाचे सर अडकतात की काय अशी भीती होती. डिसेंबर १९८१ मध्ये दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली, पंचेचाळीस माणसं गेली, त्यात शाळकरी मुलं बरीच. तेव्हापासून आत जाणं बंद ते बंदच.

अनुस्वार

उशिरा आले, पण एक मोठा अपवाद सांगायला हवा. बतूताच्या पुस्तकात दिल्लीच्याच संदर्भात उंचीचा स्पष्ट आकडा आहे, आणि तोही हातांत मोजलेला.

महंमद तुघलकाने बतूताला कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या कबरीचा कारभारी नेमलं होतं. सुलतानाचा हुकूम असा की कबरीवर शंभर हात उंच घुमट बांधायचा. शंभरच का? तर इराकचा राजा गाझान याच्या कबरीवर जो घुमट आहे त्याच्याहून हा वीस हात उंच व्हावा म्हणून. घ्या! बुर्ज खलिफाच्या आधी सातशे वर्षं हीच स्पर्धा. तुझा ऐंशी, तर माझा शंभर.

शंभर हात म्हणजे ४५ ते ५० मीटर. असा घुमट दिल्लीत आज कुठेही नाही.

म्हणजे वाटसरू यांच्या मांडणीत थोडी भर: उंची हे बादशहाचं माप, ती फर्मानात असते. रुंदी हे चढणाऱ्याचं माप. बतूता दोन्ही ठिकाणी होता, त्यामुळे त्याच्याकडे दोन्ही मापं आहेत, पण जिथे इमारत खरोखर उभी आहे तिथे तो वितीच वापरतो.

आणखी एक. अलाई मिनार अलाउद्दीनने सुरू केला हे अमीर खुस्रोने लिहून ठेवलंय. बतूता मात्र त्याचं श्रेय अलाउद्दीनच्या मुलाला, म्हणजे याच कुतुबुद्दीन मुबारकला देतो. तिरपागडा म्हणतील चूक. चूक आहेच. पण ज्या माणसाच्या कबरीचा हिशोब रोज बघायचा, त्याच्या नावावर शेजारचा मनोरा चढवणं हे मला समजू शकतं. हा आपला माझा तर्क.

वाटसरू

अनुस्वार, गाझानचा घुमट डोक्यातून पार निसटला होता. उंची फर्मानात, रुंदी हातात. पटलं.

कुतुबमिनारच्या रंगाचंही सांगतो, कारण तिथे बतूता नेमका साक्षीदार आहे. आज मनोऱ्याच्या वरच्या दोन मजल्यांत पांढरा संगमरवर दिसतो ना, तो बतूताने पाहिलेला नाही. तो होता तेव्हा इल्तुतमिशचे मजले धरून एकूण चार मजले होते. १३६८-६९ च्या सुमारास वीज पडली, चौथा मजला निकामी झाला, आणि फिरोजशहा तुघलकाने त्या जागी दोन मजले चढवले, संगमरवर वापरून. साधारण त्याच सुमारास तिकडे मोरोक्कोत बतूता वारला. त्यामुळे 'मनोरा तांबड्या दगडाचा, फक्त कळस पांढरा' हे त्याचं वाक्य फिरोजशहाच्या आधीच्या मनोऱ्याला तंतोतंत लागू पडतं. थापाड्याला हे जमत नाही.

खानदेशी_ठेचा

मंडळी, दिल्लीतून जरा खाली या. बतूता आमच्या नंदुरबारला येऊन गेलाय!

१३४२ मध्ये तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. ग्वाल्हेर, चंदेरी, उज्जैन, दौलताबाद, नंदुरबार, खंबायत असा मार्ग. नंदुरबारला मराठे राहतात, ते कारागिरीत हुशार, वैद्य आणि ज्योतिषीही त्यांच्यातले, असं तो सांगतो. जेवणाआधी आंघोळ करतात, जनावराला त्रास देत नाहीत, आणि सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करत नाहीत. जेवण म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचं तेल. तेलाचं मान्य. पण खानदेशात भात? भाकरी कोणी दाखवलीच नाही वाटतं पाहुण्याला.

बोरकूट

पाहुण्याला भात आणि घरच्यांना भाकरी, हे तेव्हापासून चालत आलंय.

बाकी दौलताबादला गेला म्हणजे चाँद मिनारही पाहिला असेल. त्यावर काय लिहिलंय?

अनुस्वार

नाही, बोरकूट. चाँद मिनार बहमनींचा, १४४५ च्या सुमाराचा. बतूता जाऊन शंभर वर्षं झाल्यावरचा. आज किल्ल्यात शिरताना आधी तोच डोळ्यांत भरतो, साधारण ६३ मीटर उंच, त्यामुळे तो कायमच तिथे होता असं वाटतं. बतूताने पाहिला तो नुसता देवगिरीचा डोंगर. सपाटीवर उठलेला खडक, तासून काढलेला, माथ्यावर गढी. वर जायला चामड्याची शिडी, आणि रात्री ती वर ओढून घेतात.

आता ही शिडी आणि फारोसच्या फळ्या शेजारी ठेवा. दोन्हीकडे त्याचं लक्ष कशावर गेलं? वर किती आहे यापेक्षा वर जाण्याची वाट कोणाच्या हातात आहे यावर. फळ्या काढल्या की संपलं, शिडी ओढली की संपलं.

उंदरांचं तर बोलायलाच नको. देवगिरीच्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर, मांजरं त्यांना पाहून पळतात, आणि हे आपण स्वतः पाहिलं असं तो सांगतो.

तिरपागडा

उंदरांवर माझा विश्वास आहे. माझ्या चाळीत आहेत.

दुबईकर_नाना

दुबईत राहतो म्हणून एक अवांतर. इथे बतूताच्या नावाचा मॉल आहे, २००५ चा. अंदलुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, भारत, चीन असे त्याचे सहा भाग, तो फिरला त्या प्रदेशांवरून. भारताच्या भागात मधोमध काय ठेवलंय माहीत आहे? हत्ती! अल-जझारी नावाच्या जुन्या यंत्रकाराच्या हत्ती-घड्याळाची भलीमोठी प्रतिकृती. अल-जझारीचं पुस्तक १२०६ चं, म्हणजे घड्याळ बतूताच्याही आधीचं. मॉल ऐसपैस आडवा पसरलेला आहे. उंचीचं खातं याच शहरात दुसरीकडे, ८२८ मीटर. पाहुणे आले की दोन्ही दाखवतो. बुर्जवर तिकीट काढून वर जातात, फोटो काढतात आणि 'खालची माणसं दिसतच नाहीत' म्हणून हिरमुसून उतरतात.

कैरीपन्हं

सगळे मनोरे-घुमट चाललेत, राहत्या घरांचं कोणी बोलत नाही. उंच इमारतीत लोक राहायला लागले ते शिकागोपासून असं नाही.

बतूताच्या पावणेतीनशे वर्षं आधी नासिर खुस्रो नावाचा इराणी प्रवासी कैरोशेजारच्या फुस्तातला गेला होता, १०४७ च्या आसपास. लांबून शहर डोंगरासारखं दिसतं म्हणतो, आणि काही घरं चौदा मजली! एका घराच्या सातव्या मजल्यावर गच्चीत बाग होती. मालकाने वासरू लहान असतानाच वर नेलं आणि तिथेच वाढवलं. तिथे रहाट बसवला, बैल झालेलं ते वासरू रहाट ओढी, विहिरीचं पाणी वर येई आणि त्यावर संत्री आणि केळी पिकत. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, अल-मुकद्दसीने फुस्तातची घरं मनोऱ्यांसारखी आहेत आणि एकेका घरात दोनशे माणसं राहतात असं लिहिलंय.

११६८ मध्ये फुस्तात जाळलं गेलं, त्यामुळे बतूताच्या वेळी ती शान उरलेली नव्हती. पण बघा, इथेही जनावर आलंच. हत्ती, घोडा, आता बैल. फरक एवढाच की हे जनावर वर जाऊन उतरलं नाही.

स्थापती

कैरीपन्हं, चौदा मजले विटांच्या घराला मला जास्त वाटतात, पण सात-आठ सहज शक्य आहेत. बैलापेक्षा मला पाण्याची काळजी जास्त. गच्चीवर रोज पाणी द्यायचं आणि खालच्या सहा मजल्यांत गळती होऊ द्यायची नाही, हे ज्या मिस्त्रीने साधलं त्याचा पत्ता मिळाला तर आमच्या सोसायटीला हवाय.

शेवंता

मग बतूताच्या काळात जगातली सगळ्यात उंच इमारत कोणती होती? पिरॅमिडच का?

वाटसरू

शेवंता, गंमत म्हणजे नाही. खुफूचा पिरॅमिड मूळचा १४६ मीटरचा, आणि तो हजारो वर्षं पहिला राहिला. पण १३११ मध्ये इंग्लंडमध्ये लिंकनच्या कॅथीड्रलवर लाकडी, वरून शिसं मढवलेला कळस चढला आणि एकूण उंची १६० मीटर झाली असं मानतात. बतूता तेव्हा सात वर्षांचा. १५४८ मध्ये वादळात तो कळस पडला आणि पुन्हा उभारला नाही. म्हणजे त्याचा सगळा प्रवास घडला तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत अशा गावात होती जिथे जायचं त्याच्या मनातही आलं नसेल.

तिरपागडा

एक शेवटचं. हाताने मोजलं तिथे विश्वास ठेवा म्हणता, तर बसऱ्याचं काय करायचं? तिथल्या अलीच्या मशिदीचा एक मनोरा अलीचं नाव घेतलं की हलतो, अशी ख्याती. बतूता एका स्थानिकाबरोबर छतावर गेला. मनोऱ्याच्या कोपऱ्यात गवंड्याच्या थापीच्या दांड्यासारखा लाकडी दांडा ठोकलेला. त्या माणसाने अलीचं नाव घेऊन दांडा हलवला, मनोरा हलला. मग बतूताने स्वतः दांड्याला हात घातला, अबू बक्रचं नाव घेतलं, दांडा हलवला, आणि मनोरा पुन्हा हलला. इथे तर दोन्ही हात लावलेत!

वाटसरू

तिरपागडा, हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग. चमत्कार बघायला गेला, हात लावून पाहिला, आणि नाव बदललं तरी मनोरा हलतो हे सिद्ध करून आला. हलणारे मनोरे इस्फहानला आहेत, अहमदाबादला आहेत. खानदेशी_ठेचा सांगतील, जळगाव जिल्ह्यात फरकांड्यालाही आहेत.

खानदेशी_ठेचा

आहेत म्हणजे, जोडी होती. एक पडला, एक उरलाय. एकावर चढून हलवलं की दुसरा हलायचा.

बोरकूट

थंडीत दिल्लीला जाणार आहे. अलाई मिनार कुठे शोधायचा? आणि चढता येतं का?

गंधार_रे

शोधावा लागत नाही. कुतुबच्याच आवारात, उत्तरेच्या बाजूला, खडबडीत दगडांचा जाडजूड बुंधा. बाहेरचे घडीव दगड बसवायचे राहूनच गेले, त्यामुळे आतली भर उघडी दिसते. अलाउद्दीन १३१६ मध्ये वारला आणि काम थांबलं. बतूता म्हणतो महंमद तुघलकाच्या मनात तो पुरा करायचं आलं होतं, पण अपशकुनी वाटून त्याने नाद सोडला. वर जायला बंदी आहे. सकाळी लवकर जा, दहानंतर सहलींच्या बसगाड्या येतात.